“मॅडम, एक विचारू का?” घर बांधणारे, त्यांचे आर्किटेक्ट आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या कुटुंबांची कामं मी बरीच वर्षं करते आहे. मानेवाडा, बेसा, गोधनी, वाठोडा, जयताळा. प्लॉट बहुतेक तीस बाय पन्नासचा, पैसे बहुतेक निवृत्तीचे नाहीतर बँकेचे. खालचे प्रश्न लोकांनी मला विचारलेले आहेत. काही पहिल्या भेटीत, काही स्लॅबवर उभं राहून, तर काही रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. बहुतेकांमध्ये ‘विश्वास’ हा शब्द कुठेतरी येतोच. माझा अनुभव असा, की कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेलं नसलं की तो शब्द येतो. एकदा ते ठरलं की लोक विश्वासाचं बोलणं सोडून टाइल्सचं बोलू लागतात.

ठेकेदार नकाशा फुकट काढून देतो. मग आर्किटेक्ट कशाला?

फुकट नसतो. त्याचे पैसे चौरस फुटाच्या दरात मुरलेले असतात, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. पण पैसे बाजूला ठेवा. बांधणाराच नकाशा काढतो तेव्हा भिंत नऊ इंचाची ठरली होती की सहाची, हे सांगायला तिसरा माणूस उरत नाही. ठेकेदार वाईट असतात असं मी म्हणत नाही; माझी बरी झालेली कामं बऱ्या ठेकेदारांमुळेच झाली. तरीही स्वतःचा पेपर स्वतःच तपासायला कोणालाही बसवू नये, मलासुद्धा.

जुन्या घरावर एक खोली चढवायची असेल तर मात्र माझ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा. खालचे कॉलम ते ओझं पेलतील का, हा तिथला पहिला प्रश्न असतो आणि तो माझ्या विषयातला नाही.

समोरचा माणूस खरंच आर्किटेक्ट आहे, हे कसं कळणार?

नोंदणी क्रमांक विचारा. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नाव नोंदवलेल्या माणसालाच स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येतं. क्रमांकाची सुरुवात ‘सीए’ अशी होते, पुढे नोंदणीचं वर्ष असतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. विचारल्यावर कोणी रागावलं तर चहा संपवा आणि निघा.

एक बारकावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की हा कायदा ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवतो. घराचं डिझाइन करण्याचं काम इतरांना बंद करत नाही. त्यामुळे परवानाधारक इंजिनिअरही नकाशे करतात, मंजुरीलाही टाकतात, आणि त्यातले अनेक उत्तम काम करतात. तुम्ही कोणाला पैसे देताय हे तुम्हाला माहीत असावं, एवढाच मुद्दा.

सही कोणाची हे आता जास्त महत्त्वाचं झालंय. तीस बाय पन्नासचा प्लॉट म्हणजे १५०० चौरस फूट, साधारण १३९ चौरस मीटर. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी सोपी वाट आहे. तिथे साहेबाच्या तपासणीपेक्षा सही करणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर जास्त भार आहे. म्हणजे चूक झाली तर ती पकडणारी एक चाळणी कमी झाली.

प्लॉटचे सगळे कागद आर्किटेक्टला दाखवायची काय गरज? नकाशाच तर काढायचा आहे.

हा संकोच मला समजतो. कागदात काहीतरी अर्धवट असतं, आणि अनोळखी माणसापुढे ते उघडं करायला नको वाटतं. पण नागपुरात प्लॉटचा इतिहास कळल्याशिवाय पेन्सिल उचलण्यात अर्थ नाही. ५७२ आणि १९०० लेआउटचा, म्हणजे अनधिकृत लेआउट नियमित करून घेण्याचा विषय इथे कोणाला नवा नाही. तुमच्याकडे आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आहे का, त्याच्या शुल्काची डिमांड नोट भरली का, भरली तर पावती कुठे आहे, प्लॉट महापालिकेकडे येतो, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), यावर मंजुरी कुठून घ्यायची ते ठरतं. रजिस्ट्रीतली लांबी-रुंदी आणि जागेवरची लांबी-रुंदी यांत फूट-दीड फुटाचा फरक मी अनेकदा पाहिला आहे. तो नकाशा काढायच्या आधी कळला तर एक दुपार जाते. कॉलमचे गड्डे खोदल्यावर कळला तर शेजाऱ्याशी कायमचं वैर.

कागद अपुरे असतील तर तसं सांगा. मी पोलीस नाही.

बजेट खरं सांगितलं तर तो तेवढं सगळं संपवेल ना?

हा प्रश्न मला तोंडावर कोणी विचारत नाही, पण पहिल्या भेटीत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तो असतो. काका म्हणतात, “चाळीसच्या आत बसवा.” काकू भिंतीकडे बघतात. मला कळतं की पन्नास आहेत आणि दहा हातचे राखलेत.

हातचे राखायला माझी हरकत नाही, राखायलाच हवेत. पण मला सांगून राखा. न सांगता राखले की काय होतं ते सांगते. मी चाळीसचं घर काढते. काम अर्ध्यावर आलं की “मॅडम, वर एक खोली घेऊनच टाकू” असं निघतं, कारण दहा तर आहेतच. पण फुटिंग, कॉलम, जिना हे सगळं त्या खोलीशिवाय ठरलेलं असतं. आधी सांगितलं असतं तर मी आजच खोली बांधली नसती, फक्त पाया तिच्यासाठी तयार ठेवला असता. आणि उलटं. कधी राखलेले दहा नंतर निघतच नाहीत, मुलाच्या ॲडमिशनला गेलेले असतात, आणि घर प्लास्टरविना दोन पावसाळे काढतं.

आकडा सांगताना त्यात काय धरलंय तेही सांगा. कंपाउंड वॉल, बोअर, मीटर, मंजुरीचे शुल्क, गेट, किचन ट्रॉली, पंखे-दिवे, सोलर. ‘बांधकाम’ म्हणताना घरच्यांच्या मनात हे सगळं असतं, आणि ठेकेदाराच्या मनात यातलं काहीच नसतं. मी ह्या दोन याद्या शेजारी शेजारी लिहून घेते. पहिल्या भेटीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग तोच, आणि पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आणि आर्किटेक्ट खर्च वाढवेल ही भीती खोटी नाही. फी खर्चाच्या टक्क्यावर असेल तर घर महाग होण्यात त्याचा फायदा आहे, हे साधं गणित आहे. मग फी ठोक किंवा क्षेत्रफळावर ठरवा.

फी किती आणि कधी द्यायची?

किती ते माणसागणिक बदलतं, त्यामुळे आकडा देत नाही. कौन्सिलचं मार्गदर्शक दरपत्रक आहे, ते आधी वाचून जा. तुमचा आर्किटेक्ट जीएसटीत नोंदलेला असेल तर फीवर १८ टक्के वेगळे लागतात. ते ‘आत’ की ‘वर’, हे पहिल्याच दिवशी विचारा. मी स्वतः एकदा न बोलून पस्तावले आहे.

कधी द्यायची याचं उत्तर मात्र ठाम आहे: टप्प्याटप्प्याने. आराखडा, मंजुरीचे नकाशे, कामाचे तपशीलवार नकाशे, मग जोता, स्लॅब, फिनिशिंग. सगळी फी आधी मागणारा आणि सगळी शेवटी देऊ म्हणणारा, दोघांनाही मी सारखीच घाबरते.

टाइल्सच्या दुकानातून आर्किटेक्टला कमिशन मिळतं का?

देऊ केलं जातं. टाइल्स, सॅनिटरी, प्लायवूड, खिडक्या, अगदी स्टीलवालेसुद्धा. दिवाळीत घरी येणाऱ्या डब्यांवरून कोणतं दुकान किती चाललं ते कळतं. काही जण घेतात, काही घेत नाहीत. कामाच्या किंवा ग्राहकाच्या ओळखीच्या बदल्यात कमिशन आणि भेटी देणं-घेणं १९८९ च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांत बसत नाही.

तुम्ही काय करायचं? थेट विचारा: “आम्ही तुम्ही सांगितलेल्या दुकानातून घेतलं तर तुम्हाला काही मिळतं का?” अवघड वाटेल, पण हा प्रश्न एकदाच विचारायचा असतो आणि उत्तर येण्याआधीचा क्षण बरंच सांगून जातो. आणि आर्किटेक्टकडून दुकानाचं नाव घेण्याऐवजी वस्तूचं वर्णन लिहून घ्या. माप, जाडी, दर्जा, ब्रँड चालतील ते दोन-तीन. मग इतवारीत फिरा, वर्धमाननगरला फिरा, जिथे पटेल तिथे घ्या.

माझ्याबद्दल विचाराल तर मी दुकानदाराला सांगते की जे मला द्यायचं ते बिलातून कमी करा आणि बिल घरमालकाला दाखवा. यामुळे दोन दुकानांत मला आता चहा मिळत नाही.

एस्टिमेट दिलं एक, झालं भलतंच. आम्हाला फसवलं का?

कदाचित. पण आधी खाली बघा, जमिनीत.

नागपुरात जमीन प्लॉटागणिक बदलते. पश्चिमेला अनेक ठिकाणी थोडं खोदलं की बेसॉल्ट लागतो. इतर अनेक भागांत काळी माती, ती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंतीला तिरप्या भेगा ठरलेल्या. त्यामुळे घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं, आणि तो कुठे लागेल हे खोदल्यावरच कळतं. आता हिशोब बघा. सोळा कॉलम, प्रत्येकाचा गड्डा पाच बाय पाच फुटांचा, आणि मुरूम दोन फूट आणखी खाली निघाला. एका गड्ड्यात ५० घनफूट वाढले, सोळांत ८०० घनफूट, म्हणजे आठ ब्रास जास्तीचं खोदकाम. वर तेवढी कॉलमची लांबी, स्टील आणि भराव. यात कोणी लबाडी केलेली नसते.

लबाडी किंवा आळस वेगळ्या जागी असतो: “मुरूम पाच फुटांवर धरलाय, खाली गेला तर दर फुटामागे इतके वाढतील” असं एस्टिमेटमध्ये लिहिलंच नसेल तिथे. मी कामाआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत चाचणीचे गड्डे खोदायला लावते. त्या दिवशी घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः उभं राहून माती बघावी असा माझा आग्रह असतो. डोळ्यांनी पाहिलेल्या काळ्या मातीवर पुढे वाद होत नाही.

बाकी वाढीव खर्चासाठी एक वही ठेवा. काय बदललं, कोणी सांगितलं, किती वाढले, तारीख, दोघांच्या सह्या. बदल करण्याआधी. नंतर लिहिलेल्या वहीला काही अर्थ नसतो.

मिस्त्री समोरच असतो. बारीकसारीक गोष्ट त्यालाच सांगितली तर काय बिघडतं?

बारीकसारीक काय आहे हे कोण ठरवणार, तिथेच तर सगळं आहे.

बेसा भागातलं एक काम. काका रोज सकाळी डबलरोटी आणि चहा घेऊन साइटवर यायचे, मिस्त्रीशी छान जमलेलं. एके दिवशी म्हणाले, “छत एक फूट वर घ्या भाऊ, हवा राहील.” उन्हाळ्याचा विचार करता कल्पना वाईट नव्हती. मिस्त्रीने घेतलं. मला सेंट्रिंग झाल्यावर कळलं. आता जिना बघा. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच. सहा इंचांचा एक चढ धरून २० चढ काढले होते. अकरा फूट केले की १३२ इंच, २२ चढ. दोन पायऱ्या वाढल्या, पाय ठेवायला प्रत्येकी दहा इंच, म्हणजे भिंतीलगतचा तो सरळ जिना २० इंच पुढे आला. त्या २० इंचांत देवघराचं दार होतं.

मार्ग तीन होते: चढ उंच करायचे (काकूंचे गुडघे दुखायचे), दार सरकवायचं, किंवा सेंट्रिंग खाली घ्यायचं. शेवटी दार सरकलं आणि देवघर लहान झालं. काकूंनी मला दोष दिला. मी मिस्त्रीला. मिस्त्री म्हणाला, “मॅडम, मालक सांगून राहिले, मी नाही कसा म्हणू?” त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून नियम असा. साइटवर काहीही सुचलं तरी मिस्त्रीला सांगायचं नाही, मला सांगायचं; आणि मीही मिस्त्रीला तोंडी सांगायचं नाही, कागद द्यायचा. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं की कागद नसेल तर काम करू नको, मालक म्हणाले तरी. हे ऐकून मिस्त्री खूश होतात. दोन मालक असलेल्या कामावर सगळ्यात हाल त्यांचेच होतात.

सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर बोललेलं आहे. तेवढं पुरे ना?

नोंद म्हणून ठीक, नकाशा म्हणून नाही. यात चूक माझीच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एका घरी तळमजल्यावर आजींसाठी संडास-बाथरूम करायचं होतं. मी वर्धा रोडवर गाडीत, फोन आला, मी म्हणाले, “भिंत दीड फूट आत घ्या.” घरमालकाने ते व्हॉइस मेसेज करून ग्रुपवर टाकलं, ठेकेदाराने अंगठा दिला, मीही अंगठा दिला. आत म्हणजे कोणाच्या आत? मला बाथरूमकडे म्हणायचं होतं, त्यांनी बेडरूमकडे घेतलं. चार दिवसांनी गेले तर भिंत तीन थर वर आलेली आणि पाइप टाकून झालेला. तोडफोडीचा खर्च मी दिला. पैशापेक्षा वाईट हे झालं, की पुढचे दोन महिने ते कुटुंब माझं प्रत्येक वाक्य परत विचारायचं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

आता ग्रुपवर बोलणं होतं, पण बदल लागू होतो तो नकाशावर लाल पेनाने खूण करून, तारीख टाकून, फोटो टाकल्यावरच. अंगठा म्हणजे ‘वाचलं’. ‘मान्य’ हा शब्द टाइप करायचा. व्हॉइस मेसेज बंद. आणि ग्रुप एकच. काकांचा वेगळा, मुलाचा पुण्याहून वेगळा, असे तीन ग्रुप झाले की तीन घरं बांधली जातात.

आर्किटेक्टने साइटवर किती वेळा यायला हवं?

करारात लिहिलंय तितक्या वेळा. रोज येणं हे आर्किटेक्टच्या फीमध्ये सहसा नसतं. रोजचा माणूस हवा तर साइट सुपरवायझर वेगळा ठेवावा लागतो. भांडण होतं ते “मध्ये मध्ये येत जाईन” या वाक्यावरून. भेटींची संख्या आणि प्रसंग लिहून घ्या: आखणी, फुटिंगचं स्टील, जोता, प्रत्येक स्लॅबचं स्टील कॉन्क्रीट ओतण्याआधी, प्लास्टरआधी वायरिंग आणि पाइप, वॉटरप्रूफिंग. स्लॅबच्या स्टीलला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाच, आर्किटेक्टचा फोटो बघून ‘ओके’ चालणार नाही.

आर्किटेक्ट नसताना तुम्ही डोळे उघडे ठेवू शकता अशा दोन गोष्टी आहेत. पहिली तराई. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या कॉन्क्रीटला किमान ७ दिवस पाणी लागतं, कोरड्या-गरम हवेत १० पेक्षा कमी नाही, आणि राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस धरा. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी भरलेली आळी दुपारी कोरडी पडतात. त्यावर पाणी कोण घालणार हे नाव घेऊन ठरवा. दुसरी गोष्ट टेकू काढण्याची घाई. त्याच मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस, आणि सहा मीटरच्या वरच्या बीमचे २१ दिवस ठेवायचे. सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या साइटवर माल हवा असतो, म्हणून तो लवकर मागतो. त्याला ‘मॅडमना विचारतो’ म्हणा. या कामासाठी माझं नाव खुशाल वापरा.

आमचा जावई इंजिनिअर आहे. तो म्हणतो स्टील जास्त टाकलंय.

जावयाला स्ट्रक्चरल इंजिनिअरसोबत बसवा, समोरासमोर, आकडेमोडीचे कागद ठेवून. माझ्यामागे बोलू नका, आणि माझ्यामार्फतही नको. निम्म्या वेळा जावई गप्प होतात. एकदा मात्र जावयाचं बरोबर निघालं होतं आणि आम्ही बीम बदलली. (जावई कॉम्प्युटर इंजिनिअर असेल तर हा प्रश्न रद्द.)

वास्तुशास्त्र पाळायचं आहे. आर्किटेक्ट चिडतील का?

उशिरा सांगितलं तर चिडतील. पहिल्या दिवशी सांगा की स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, मी त्यातून वाट काढते. मंजुरी झाल्यावर पंडितजींना नकाशा दाखवून आणू नका. तुमचे सल्लागार कोण आहेत ते आधीच सांगा, म्हणजे पहिल्याच आराखड्यावर त्यांचंही बोलणं होऊन जाईल.

घरात एकमत होत नाही. आर्किटेक्टने निवाडा करावा का?

नाही. पण बैठकीत नसलेल्या माणसाला बोलवायला मी लावते. स्वयंपाकघराबद्दल दोन तास चर्चा करणारे चार पुरुष मी पाहिले आहेत, आणि रोज स्वयंपाक करणारी बाई पोहे आणून ठेवून आत जाते. ती बसल्याशिवाय मी ओट्याची उंची लिहीत नाही. शेवटचा शब्द कोणाचा, हे मात्र घरातच ठरवून या आणि ते नाव मला सांगा.

आम्ही काय सांगायचं विसरतो?

कुलर. दरवेळी.

एसी लावू म्हणतात, पण मे महिन्यात हॉलला कुलर येतोच. मग खिडकीची जाळी कापली जाते, बाहेर लोखंडी स्टँड ठोकला जातो, एक्स्टेंशन बोर्ड दारातून फिरतो आणि पाण्याचा पाइप बाथरूममधून येतो. आधी कळलं तर खिडकीचं माप, बाहेर छज्जा, जवळ पॉइंट, नळ आणि पाणी वाहून जायला जागा, सगळं नकाशात बसतं. कुलर पश्चिमेच्या उन्हात तापू नये हेही बघता येतं. आणि कुलरच्या हवेला बाहेर पडायला समोर दुसरी खिडकी लागते, नाहीतर खोली नुसती दमट होते. वर्षाचे तीन महिने ज्याच्यासमोर तुम्ही झोपता, त्याचा उल्लेख एकाही बैठकीत होत नाही!

दुसरं म्हणजे पाणी कुठून येतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत जे झालं ते सगळ्यांना आठवतं. तुमच्या लेआउटमध्ये पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं हे शेजाऱ्याला माहीत असतं, मला नसतं. सिमेंट रोड झाल्यावर जुनी घरं रस्त्याच्या खाली गेलेलीही तुम्ही पाहिली आहेत. जोत्याची उंची ठरवायच्या आधी ते सांगा.

मंजूर नकाशापेक्षा थोडं जास्त बांधू. सगळेच बांधतात. आर्किटेक्ट नाही का म्हणतात?

कारण सही त्यांची असते. तुम्ही मला शेजारच्या बाजूची मोकळी जागा खायला सांगता, आणि त्याच वेळी मी तुमच्याशी खरं बोलावं अशी अपेक्षा करता, हे जरा अवघड आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ ची नोटीस आली की ती मालकाच्या नावाने येते. भोगवटा प्रमाणपत्र अडतं, पुढे विकताना घेणाऱ्याची बँक तेच विचारते. नियमांत बसणारं जास्तीचं बांधकाम असतं, त्याचे पैसे भरून ते घेता येतं. ते आधी विचारा. पुष्कळदा लोकांना जेवढं चोरून हवं असतं, तेवढं सरळ मिळत असतं.

काम अर्धवट आहे आणि आर्किटेक्टशी पटत नाही. बदलता येतो का?

येतो. झालेल्या टप्प्यापर्यंतची फी द्या, लेखी कळवा, मंजुरीच्या कागदांवर आर्किटेक्ट बदलल्याची नोंद करून घ्या. लक्षात ठेवा, नकाशांचा कॉपीराइट १९५७ च्या कायद्याप्रमाणे काढणाऱ्याचा असतो, जोवर तुम्ही लेखी वेगळं ठरवलेलं नाही. म्हणून करारातच लिहून घ्या की फी दिलेल्या नकाशांवर हेच घर पूर्ण करायला तुम्ही मोकळे आहात. नवा आर्किटेक्ट शहाणा असेल तर तो जुन्याला फोन करेल. करू द्या.

गैरवर्तन असेल तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. सेवेत कसूर असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे, साधारणपणे दोन वर्षांच्या आत. तिथेही पहिलं काय मागतात? ती बदलांची, सह्यांची वही.

वास्तुशांतीला तुम्हाला बोलवायचं ना?

बोलवा. मी येते आणि जेवायच्या आधी गच्चीवर जाऊन उतार बघते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण त्याहून जास्त एक फोन मला हवा असतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की भिंतींवरून एकदा हात फिरवा, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत बघा, आणि ओल असो वा नसो, कळवा. ठेकेदाराचे राखून ठेवलेले शेवटचे पैसे त्या फोनपर्यंत सोडू नका, हे मी ठेकेदारासमोरच सांगते.